पाचशे डॉलरचा डोंगर



मागच्या खेपेला व्याख्यान आटोपल्यावर एक गृहस्थ आमच्यासाठी थांबले होते. कोकणात त्यांच्या वाट्याला वडिलोपार्जित वीसेक एकर डोंगर आला आहे. दर आठ-दहा वर्षांनी लाकडाचा व्यापारी येतो, उभं रान तोडून नेतो आणि हातावर थोडे पैसे ठेवतो. या वेळी त्यांना ते तोडू द्यायचं नाही. तिथे भेकरं आहेत, धनेशाची जोडी येते, रात्री साळिंदराचा माग दिसतो. त्यांनी विचारलं, "पण एकट्याने एवढासा तुकडा राखून होणार काय?" आम्ही त्या दिवशी काहीतरी उत्तर दिलं खरं, पण घरी जाताना ते आमचं आम्हालाच पटेना. म्हणून आजचं व्याख्यान त्याच प्रश्नावर ठेवलं आहे.

सरकारने राखलेल्या रानांचा इतिहास आपल्याला थोडाफार माहीत असतो. अमेरिकेत यलोस्टोन १८७२ साली झालं, आपल्याकडे ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, वगैरे. पण ज्यांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर जमीन घेऊन ती पशुपक्ष्यांसाठी सोडून दिली, त्यांचा इतिहास आपण क्वचितच ऐकतो. तो नुसता चांगुलपणाचा इतिहास नाही. त्यात चुका आहेत, फसवणूक आहे, कोर्टकचेऱ्या आहेत. आणि म्हणूनच तो आपल्या कामाचा आहे.

सुरुवात एका भिंतीपासून करू. इंग्लंडमध्ये यॉर्कशर परगण्यात वेकफील्ड गावाजवळ वॉल्टन हॉल नावाची जहागीर होती. तिचा मालक चार्ल्स वॉटरटन. जन्म १७८२. तरुणपणी दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात भटकून आलेला आणि पक्ष्यांचा वेडा. त्या काळी इंग्रज जमीनदार म्हटला की बंदूक आलीच. घार, घुबड, ससाणा दिसला की मारायचा, कारण ते शिकारीचे तितर खातात. वॉटरटनने उलटं केलं. आपल्या जहागिरीत बंदूक चालणार नाही, असं त्याने ठरवलं आणि १८२१ ते १८२६ या काळात भोवती सुमारे तीन मैलांची भिंत बांधून घेतली. काही ठिकाणी ती नऊ फूट उंच होती. खर्च सुमारे ९,००० पौंड, म्हणजे त्या काळात प्रचंड. आत तळं, झाडी, पाणपक्षी, बगळ्यांची वस्ती. चोरटे शिकारी बाहेर, कोल्हेही बाहेर. खाजगी अभयारण्याचं हे फार जुनं आणि ठळक उदाहरण आहे.

आता पुढे बघा काय झालं ते. जहागिरीच्या दारातच सिम्प्सन नावाच्या माणसाचा साबणाचा कारखाना उभा राहिला. त्याच्या धुराने झाडं मरू लागली, सांडपाण्याने पाणी नासलं. नऊ फुटांची भिंत धुराला कशी अडवणार? वॉटरटन वर्षानुवर्षं कोर्टात भांडला. १८६५ साली तो वारला. त्याच्या मुलाला बापाच्या या वेडात रस नव्हता. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्याने जहागीर विकून टाकली, आणि विकली कोणाला? त्याच साबणवाल्या सिम्प्सनच्या घराण्याला.

हसू येतं, पण यात दोन धडे आहेत. पहिला हा की कुंपण बंदूक अडवतं, विष अडवत नाही. दुसरा हा की एका माणसाची राखण त्या माणसाबरोबरच संपते. हे दोन्ही धडे आज शेवटपर्यंत आपल्याला पुरणार आहेत.

दुसऱ्या धड्यावर उपाय लवकर सुचला. माणूस मरतो, संस्था मरत नाही. तेव्हा जमीन संस्थेच्या नावावर करा. इंग्लंडमध्ये नॅशनल ट्रस्ट १८९५ साली स्थापन झाली आणि १८९९ साली तिने केंब्रिजजवळच्या विकन फेन या दलदलीचा दोन एकरांचा तुकडा १० पौंडांना घेतला. तिथल्या किड्यामुंग्यांसाठी आणि दलदलीतल्या वनस्पतींसाठी. पुढे लोक एकेक तुकडा देत गेले आणि ती राखीव जागा वाढत गेली.

मग प्रश्न सुटला का? नाही. कारण संस्थाही घसरते. त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जायला हवं.

पक्ष्यांच्या रक्षणासाठी तिथे ऑड्युबॉन सोसायट्यांची राष्ट्रीय संघटना होती. मोठी, प्रतिष्ठित, पैसेवाली. तिच्याकडे लुईझियाना राज्यात रेनी अभयारण्य नावाची देणगीत मिळालेली पाणथळ जमीन होती. १९३० च्या आसपास उघडकीला आलं की या अभयारण्यात सापळे लावून मस्करॅट नावाचे, घुशीसारखे दिसणारे प्राणी पकडले जातात, त्यांची कातडी विकली जाते आणि त्यातला वाटा संघटनेच्या तिजोरीत जातो. अभयारण्य पक्ष्यांचं, मस्करॅटचं नव्हे, असा युक्तिवाद करता येतो. तो केलाही गेला. पण दार राखायला ठेवलेल्यानेच दुकान मांडलं, असं पाहणाऱ्याला वाटलं तर त्याचं काय चुकलं?

हे प्रकरण लावून धरलं रोझाली एज या बाईंनी. त्यांचा जन्म न्यूयॉर्कचा, १८७७ सालचा. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून झालेल्या चळवळीत त्या तयार झाल्या होत्या. सभेत उभं कसं राहायचं, पत्रकं कशी काढायची, माघार कशी घ्यायची नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. १९२९ साली संघटनेच्या कारभारावर टीका करणारं एक पत्रक त्यांच्या हाती पडलं आणि त्याच साली त्या वार्षिक सभेत उभ्या राहून प्रश्न विचारू लागल्या. उत्तरं मिळेनात. मग सर्व सभासदांना पत्रं पाठवायची म्हणून त्यांनी सभासदांची यादी मागितली. संघटनेने दिली नाही. बाई कोर्टात गेल्या आणि यादी मिळवली. १९३४ साली संघटनेच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. वय वर्षं सत्तावन्न, हाताशी एक छोटी समिती, आणि अंगात हा चिवटपणा. त्याच वर्षी त्यांच्यापुढे तो डोंगर आला.

डोंगर पेनसिल्व्हेनिया राज्यातला, किटाटिनी नावाच्या लांबच लांब रांगेचा भाग. शरद ऋतूत उत्तरेकडचे शिकारी पक्षी दक्षिणेकडे निघतात. वायव्येचा वारा या रांगेवर आपटून वर चढतो आणि त्या चढत्या हवेवर पंख न हलवता पक्षी मैलच्या मैल तरंगत जातात. आपल्याकडे उन्हं तापली की घारी गोल गिरक्या घेत वर चढतात ना, तसाच फुकटचा प्रवास. फक्त इथे रस्ता डोंगराच्या कडेने जातो. त्यामुळे एका खडकाळ माथ्यावरून हजारो ससाणे आणि गरुड अगदी हाताच्या अंतरावरून जातात.

आणि तिथेच बंदूकवाले बसत. सुट्टीच्या दिवशी माथ्यावर जत्रा भरल्यासारखी गर्दी व्हायची. शेतकऱ्याला वाटे हे पक्षी कोंबड्या नेतात, शिकाऱ्याला वाटे आपले तितर खातात, आणि बऱ्याच जणांना काहीच वाटत नसे, नुसता नेम धरायला मिळे. भरीस भर म्हणून राज्य सरकारने १९२९ पासून गॉसहॉक मारणाऱ्याला पाच डॉलरचं बक्षीस ठेवलं होतं. गॉसहॉक म्हणजे आपले जुने पाळीव पक्ष्यांनी शिकार करणारे लोक ज्याला बाज म्हणत तो, आपल्या शिक्र्याचा थोरला भाऊबंद. मंदीच्या दिवसांत पाच डॉलर थोडे नव्हेत. पण शंभर यार्डांवरून उडणारा पक्षी गॉसहॉक आहे की दुसराच कोणी, हे ओळखणारा बंदूकवाला विरळा. तेव्हा जो येईल तो पाडायचा.

१९३२ साली रिचर्ड पाऊ नावाचा तरुण तिथे गेला. माथ्याखालच्या झाडीत मेलेल्या आणि अर्धमेल्या पक्ष्यांचा खच पडला होता. त्याने ते गोळा केले, जमिनीवर ओळीने मांडले आणि फोटो काढले. ते फोटो पक्षीमित्रांच्या सभेत दाखवले गेले. सगळे हळहळले. डोंगर विकत घ्यायला हवा, असं बोलणं झालं. आणि बोलणंच झालं. एजबाई वाट पाहत राहिल्या, शेवटी चौकशी केली तेव्हा कळलं की कुणी काहीच केलेलं नाही.

मग त्यांनी स्वतःच तो सुमारे १,४०० एकर डोंगर भाडेपट्ट्याने घेतला. दोन वर्षांचे ५०० डॉलर, आणि पुढे विकत घ्यायचा हक्क. किंमत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे एकरी अडीच डॉलर. हे ५०० डॉलरही त्यांनी विलार्ड व्हॅन नेम या प्राणिशास्त्रज्ञाकडून उसने घेतले. म्हणजे ज्या कामासाठी मोठमोठ्या संस्था वर्षभर विचार करत होत्या, ते एका बाईने उधारीवर उरकलं.

पण कागद झाला म्हणून डोंगर राखला जातो का? कोकणातल्या कुणालाही विचारा. सातबारा नावावर असतो आणि रान दुसराच तोडून नेतो. एजबाईंना हे कळत होतं. त्यांनी मॉरिस ब्राउन नावाचा तरुण पक्षितज्ज्ञ राखणीला ठेवला. पगार असा नाहीच, नुसता खर्च. तो आणि त्याची बायको अर्मा सप्टेंबर १९३४ मध्ये तिथे येऊन राहिले. फलक लावले, ते लोकांनी उपटून टाकले, पुन्हा लावले. गावकरी चिडले होते, शिव्या आणि धमक्या रोजच्याच. पुढे फाटकावर अर्मा बसायची, माथ्यावर मॉरिस. त्या हंगामात त्या माथ्यावरचा गोळीबार थांबला. कायदा तोच, सरकार तेच, पाच डॉलरचं बक्षीसही तसंच. थांबला तो केवळ जमीन कुणाची तरी होती आणि त्या कुणाच्या तरी वतीने दोन माणसं तिथे ठाण मांडून बसली होती म्हणून.

या जागेचं नाव हॉक माउंटन अभयारण्य. शिकारी पक्ष्यांसाठी राखलेली जगातली पहिली जागा म्हणून ती ओळखली जाते. वॉटरटनचा दुसरा धडा बाई विसरल्या नाहीत. जमीन खरेदी झाली आणि १९३८ साली एक स्वतंत्र संस्था नोंदवून ती तिच्या ताब्यात दिली. आज ते अभयारण्य अडीच हजार एकरांच्या घरात आहे.

इथे थांबलो असतो तर ही एक गोड गोष्ट झाली असती. पण पहिला धडा शिल्लक आहे: कुंपण विष अडवत नाही. खरं तर या बाबतीत कुंपण गोळीसुद्धा पुरती अडवत नव्हतं. पक्षी काही १,४०० एकरांत राहत नव्हते, ते नुसते वरून जात होते. इथून हाकललेले बंदूकवाले त्याच रांगेच्या पुढच्या माथ्यांवर जाऊन बसले. पेनसिल्व्हेनियाने १९३७ साली बहुतेक शिकारी पक्ष्यांना संरक्षण दिलं, पण गॉसहॉकसह तीन जाती वगळल्या. देशभर सगळ्या शिकारी पक्ष्यांना कायद्याचं छत्र मिळालं ते १९७२ साली, मेक्सिकोबरोबरच्या स्थलांतरी पक्ष्यांच्या करारात दुरुस्ती झाल्यावर. म्हणजे अभयारण्य झालं त्यानंतर अडतीस वर्षांनी.

मग त्या डोंगराचा उपयोग तरी काय झाला? गंमत इथेच आहे. ब्राउन माथ्यावर बसायचा तो नुसता राखण करत बसायचा नाही. तो मोजायचा. कोणत्या जातीचे किती, पिल्लं किती, मोठे किती, वारा कुठला. पहिल्याच हंगामात आकडा दहा हजारांवर गेला. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात गेला तेव्हाची तीन वर्षं सोडली, तर वर्षामागून वर्ष ही वही भरत राहिली. तेव्हा कुणाला वाटलं असेल, हा काय छंद!

१९४५ साली या माथ्यावर एक पाहुण्या येऊन गेल्या, रेचेल कार्सन. तेव्हा त्या सरकारी खात्यात नोकरी करत होत्या. त्याच सुमारास डीडीटी बाजारात आलं. शेतांवर, दलदलींवर, गावांवर त्याच्या फवारण्या सुरू झाल्या. ते कीटकांतून माशांत आणि माशांतून गरुडांत साठत गेलं. पुढे १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवलं की शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली आहेत. आई उबवायला बसली की अंडी फुटतात. पण हे कळायच्या आधी, काहीतरी बिघडलंय याची खूण ब्राउनच्या वहीत उमटली होती.

पांढऱ्या डोक्याचा बाल्ड ईगल हा अमेरिकेचा राष्ट्रपक्षी. त्याचं पिल्लू पहिली काही वर्षं गडद तपकिरी असतं, त्यामुळे उडताना लहान-मोठा ओळखता येतो. ब्राउनच्या नोंदींत १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या या गरुडांपैकी सुमारे ४० टक्के कोवळे होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आलं. १९५७ साली तर ३२ मोठ्या गरुडांमागे एकच पिल्लू. वरवर बघणाऱ्याला गरुड दिसतच होते, म्हणजे सगळं ठीक. पण घरात म्हातारी माणसं तेवढी उरावीत आणि पाळणा हलूच नये, तशी गत झाली होती. कार्सनबाईंनी १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात हे आकडे आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एजबाई वारल्या. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेत शेतीसाठी डीडीटीच्या वापरावर बंदी आली. २००७ साली बाल्ड ईगलचं नाव धोक्यातल्या जातींच्या यादीतून निघालं.

आता हे नीट जुळवून बघू. गोळी अडवायला घेतलेली जमीन. तिने गोळी फक्त स्वतःपुरती अडवली. पण त्या जमिनीमुळे एका माणसाला वर्षानुवर्षं एकाच जागी बसून बघता आलं, आणि त्या बघण्यातून जे विष कुठलीच भिंत अडवू शकत नव्हती त्याचा पुरावा तयार झाला. आमच्या मते खाजगी राखणीचं खरं मोल इथे आहे. ती सगळा प्रश्न सोडवत नाही. पण ज्याला कुणी हुसकावू शकत नाही असा साक्षीदार ती उभा करते. मोठा कायदा यायला चाळीस वर्षं लागतात. तेवढा काळ कुणीतरी तग धरून, वही लिहीत बसावं लागतं.

आणि तो फोटो काढणारा तरुण पाऊ? पुढे 'द नेचर कन्झर्व्हन्सी' या संस्थेचा तो पहिल्या काही धुरिणांपैकी एक झाला. १९५५ साली या संस्थेने न्यूयॉर्कजवळच्या मायनस नदीच्या घळीतले ६० एकर वाचवायला स्थानिक लोकांना ७,५०० डॉलर दिले, पण देणगी म्हणून नव्हे, कर्ज म्हणून. फेडा, म्हणजे तेच पैसे दुसऱ्या रानासाठी वापरता येतील. उसन्या ५०० डॉलरांनी जे एकदा जमलं, त्याची आता रीतच झाली.

आपल्याकडे काय? आपल्याकडे एक तोडगा फार जुना आहे: देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. जमीन देवाची. देव मरत नाही, वाटणीला बसत नाही, मुंबईला फ्लॅट घ्यायचाय म्हणून रान विकत नाही. वॉटरटनच्या दुसऱ्या धड्यावर याहून चोख उत्तर कुठलं? पण रेनी अभयारण्याचा धडा इथेही लागू पडतो. देवळाचा जीर्णोद्धार काढायचा आणि त्यासाठी देवाचीच झाडं विकायची, हे आपण पाहिलेलं आहे. विश्वस्तांवरही नजर ठेवावी लागते.

कायद्याचं म्हणाल तर आपली वाट अमेरिकेपेक्षा वेगळी आहे. महाराष्ट्रात १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने बरीच खाजगी वनं सरकारकडे गेली. शेतजमीन बाहेरच्या कुणालाही उठून घेता येत नाही, आणि कमाल मर्यादाही आहे. तेव्हा शहरातल्या कुणी यावं आणि हजार एकर डोंगर घ्यावा, हे इथे घडणं कठीण. पण वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'कम्युनिटी रिझर्व्ह'ची सोय आली. एखाद्या गावाने किंवा व्यक्तीनेही आपखुशीने आपली जमीन वन्यजीवांसाठी राखायची ठरवली, तर राज्य सरकार ती तशी जाहीर करू शकतं. मालकी तुमचीच राहते, पण पुढे जमिनीचा वापर मनाला येईल तसा बदलता येत नाही. थोडक्यात, मुलगा सिम्प्सनला विकायला निघाला तरी रान एकदम कारखान्याच्या घशात जात नाही.

तर ते गृहस्थ आज पुन्हा आले आहेत, तिसऱ्या रांगेत बसलेत. काका, त्या दिवशी द्यायला हवं होतं ते उत्तर आज देतो. वीस एकर राखून धनेश वाचेल का? एकट्या वीस एकरांनी नाही वाचणार. त्याला फळं हवीत, जुनी ढोलीची झाडं हवीत, आणि ती शेजारच्या डोंगरांवरही हवीत. तरीही राखा. आधी भावंडांशी बोलून घ्या, सामायिक सातबारा असेल तर तुमच्या एकट्याच्या शब्दाला किंमत नाही. जमिनीवर वन म्हणून जुना फेरफार आहे का, ते तलाठ्याकडे तपासा. तुमच्यानंतर कोण बघणार, हे आत्ताच कागदावर आणा. वणव्याच्या दिवसांत तिथे कुणीतरी हजर असेल अशी व्यवस्था करा, कारण कुंपणाने वणवा थांबत नाही. आणि एक वही घ्या. धनेश कधी आले, ढोलीत कधी बसले, पिल्लू बाहेर पडलं की नाही, भेकर कुठे दिसलं, तारखेनिशी लिहा. पाच वर्षांनी शेजारच्या डोंगरावर व्यापारी आला की ती वही घेऊन शेजाऱ्याकडे जा.

ब्राउनलासुद्धा पहिल्या हंगामात ठाऊक नव्हतं की आपण नेमकं काय मोजतोय.

पुढच्या वेळी येताना वही घेऊन या. आम्हाला बघायची आहे.